वादळाने रचलेले शिंपांचे थर

सन १८४४ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या एग नावाच्या एका लहानशा बेटावर एक गृहस्थ हातोडा घेऊन उतरला. त्याचे नाव ह्यू मिलर. तो पदवीधर नव्हता, किंवा कोणत्याही विद्यालयात अध्यापकही नव्हता. तरुणपणी पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारी करीत असता, दगड फोडता फोडताच त्याला दगड वाचण्याची विद्या अवगत झाली होती. पुढे तो एका बँकेत हिशेबनीस झाला आणि १८४० पासून एडिंबरोच्या 'विटनेस' या वृत्तपत्राचा संपादक म्हणून नावारूपास आला. त्याचे वडील जहाजाचे कप्तान होते. मिलर अवघा पाच वर्षांचा असताना, १८०७ साली, समुद्रात उठलेल्या तुफानात ते नाहीसे झाले होते. अशा मनुष्याने ज्या थरांचा शोध घेतला, त्यांतील कित्येक थर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वादळांनीच रचलेले होते, हा एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

मिलर ज्या नौकेतून आला तिचे नाव 'बेट्सी'. तिची हकीगतही सांगण्यासारखी आहे. १८४३ साली स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेत मोठी फूट पडून अनेक धर्मोपदेशक आपली घरे व वेतने सोडून बाहेर पडले. मिलरचा बालमित्र जॉन स्वॉन्सन हा त्यांपैकीच एक. एग व आसपासची बेटे त्याच्याकडे होती; परंतु बेटाच्या जमीनदाराने फुटून निघालेल्या पंथास जागा देण्याचे नाकारले. तेव्हा स्वॉन्सनने एका छोट्या नौकेलाच आपले घर केले. पायाखाली जमीन नाही, म्हणून पाण्यावर राहावयाचे, असा तो प्रकार होता. त्या तरंगत्या घरात मिलर पाहुणा म्हणून आला आणि स्वॉन्सन आपल्या लोकांचा समाचार घेत असता तो किनाऱ्यावरचे खडक तपाशीत फिरला. एगच्या किनाऱ्यावर त्याला शिंपांनी भरलेल्या दगडांत प्राचीन जलचर सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे सापडली. आजही भूगर्भशास्त्रज्ञ त्या थरास ह्यू मिलरचा सरीसृप-थर म्हणूनच ओळखतात. या प्रवासाचे त्याचे पुस्तक १८५८ साली निघाले, पण ते पाहावयास तो जिवंत नव्हता. १८५६ च्या डिसेंबरात त्याचा शोचनीय अंत झाला होता.

हाडांकडे जगाचे लक्ष लवकर जाते. परंतु या बेटांवरील खडकांची खरी कथा हाडांत नसून शिंपांत आहे. शिंपा हजारोंनी, लाखोंनी पडलेल्या. काळ्या चिखलाच्या पापुद्र्यांमध्ये वीतभर, कोठे चार बोटे जाडीचे त्यांचे पट्टे. आणि एकेका पट्ट्यात बहुधा एकाच जातीची गर्दी. हे पट्टे कोणत्या पाण्यात झाले, याचा निर्णय लागावयास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो लागेपर्यंत एक चुकीचे नाव त्या खडकांना कायमचे चिकटून बसले.

एगच्या उत्तरेस स्काय हे मोठे बेट आहे. तेथील स्टॅफिन या ठिकाणच्या अशाच थरांचे वर्णन एडवर्ड फोर्ब्झ याने १८५१ साली प्रसिद्ध केले. फोर्ब्झ हा समुद्रतळ खरवडून जिवंत प्राणी वर काढणारा निसर्गशास्त्रज्ञ. कोणता शिंपला कोणत्या पाण्यात राहतो हे त्याच्याइतके जाणणारे त्या काळी थोडेच होते. या थरांतील प्राणी धड समुद्राचे नव्हेत व धड नदीचेही नव्हेत, हे त्याने ओळखले आणि त्यांना नदीमुखाचे, म्हणजे खाडीचे, थर असे म्हटले. पुढे १८७८ साली जॉन वेस्ली जड् याने या सर्व बेटांवरील थर एकत्र जोडून पाहिले आणि त्या समूहाला 'ग्रेट एस्च्युअरीन सीरीज' म्हणजे 'थोरली खाडी-स्तरमाला' असे भारदस्त नाव दिले. गोडे पाणी व खारे पाणी जेथे मिसळते ती खाडी, असा साधा हिशेब त्यामागे होता.

जड् याला दोष देण्याचे कारण नाही. मचूळ पाणी म्हटले की कोणालाही प्रथम खाडीच आठवते. कोकणातील मनुष्यास तर दुसरे काही सुचणारच नाही. वाशिष्ठीच्या किंवा सावित्रीच्या खाडीत भरती दिवसातून दोन वेळा आत शिरते, ओहोटी दोन वेळा बाहेर पडते. मुखाशी पाणी खारट, आत जावे तसतसे मचूळ आणि अखेरीस गोडे. म्हणून एकाच दिवशी, एकाच खाडीत, काही कोसांच्या अंतरात वेगवेगळ्या पाण्याचे वेगवेगळे प्राणी सापडतात. परंतु मचूळ पाण्याचे दुसरेही एक घर असते, ते म्हणजे खारकच्छ. इंग्रजीत त्याला लगून म्हणतात. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूचा लांब दांडा आडवा पडून मागे अडकलेले विस्तीर्ण, उथळ पाणी, असे त्याचे स्वरूप. भरतीचा जोर तेथे दांड्याच्या तोंडाशीच बराचसा संपतो. पाण्याचा खारेपणा तासातासाने न बदलता ऋतूऋतूने आणि वर्षावर्षाने बदलतो, आणि तो बदलला म्हणजे मोठ्या क्षेत्रावर बदलतो.

भारतात याचे प्रसिद्ध उदाहरण ओडिशातील चिल्का सरोवराचे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी येऊन ते जवळजवळ गोडे होते व उन्हाळ्यात पुन्हा खारावते. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे समुद्राकडील तोंड गाळाने चोंदत गेले. खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली आणि तिच्यावर पोट भरणाऱ्या कोळ्यांवर कठीण प्रसंग आला. सन २००० च्या सप्टेंबरात दांडा कापून समुद्राला नवे तोंड करून दिल्यावर खारेपणा परतला व मासळीही वाढली. वाळूच्या एका दांड्यावर हजारो कुटुंबांची भाकर कशी अवलंबून असते, ते यावरून दिसते. शिंपल्यांची गत याहून वेगळी नाही. त्यांना मात्र दांडा कापून देणारा कोणी नसतो. पाणी बदलले की एक जात मरते व दुसरी तिची जागा घेते.

आता खाडी आणि खारकच्छ यांतील भेद सोळा-सतरा कोटी वर्षांनंतर दगडात कसा ओळखावयाचा? स्काय व एग येथील हे थर एवढे जुने आहेत. ते जुरासिक युगाच्या मध्य भागातील आहेत. या प्रश्नाचे उत्तर जे. डी. हडसन या ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञाने शोधले. १९६३ साली त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याची पद्धत एखाद्या गिरणीतील कारकुनाच्या हजेरीपटासारखी होती. कोणत्या थरात कोण हजर, कोण गैरहजर आणि कोण कोणाबरोबर हजर, हे त्याने थरामागून थर तपासले.

प्रथम गैरहजेरी पाहावी. खुल्या समुद्राचे ठरीव रहिवासी म्हणजे अ‍ॅमोनाइट, प्रवाळ आणि समुद्री साळींदरे. या थरांतील मोठमोठ्या भागांत त्यांचा पत्ता नाही. जे आहेत ते मोजक्याच जातींचे, परंतु संख्येने अगणित. पाणी जेव्हा बहुतेकांस सोसत नाही, तेव्हा ते ज्या एका-दोघांस सोसते त्यांना स्पर्धकच उरत नाही आणि ते अमर्याद वाढतात. खारवट जमिनीत एकच गवत माजलेले दिसते, तसलाच हा प्रकार.

नंतर हजेरी. एक होता प्रीमिटिलस, कोकणातील शिणाण्यांच्या जवळचा. दुसरा निओमिओडॉन, तिसरीसारखा दिसणारा लहान शिंपला. तिसरा प्रीएक्सोगायरा हेब्रिडिका, हा कालवांच्या जातीचा. याला फोर्ब्झनेच १८५१ साली नाव दिले होते. आणि शेवटी व्हिव्हिपॅरस नावाची गोड्या पाण्याची गोगलगाय. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. कालवांना त्याच्या बऱ्याच जवळचे पाणी लागत असे. प्रीमिटिलस मधल्या मचूळ पाण्यात राही. निओमिओडॉनला त्याहूनही कमी खारे पाणी चाले आणि व्हिव्हिपॅरसला गोडेच. ही शिडी एकदा बसली, की प्रत्येक थर आपल्या पाण्याची चव आपणच सांगू लागतो.

परंतु येथे एक मोठी शंका उत्पन्न होते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. हे शिंपांचे पट्टे पुष्कळदा वादळाने केलेले असतात. वादळाने आणून टाकलेल्या वस्तूवरून त्या जागेची परीक्षा कशी करावी? पुराच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी पडलेली भांडी त्याच गावची असतील असे कोण सांगेल?

यासाठी वादळ काय करते ते नीट पाहिले पाहिजे. लाटेचा जोर पाण्यात खोलवर जाता जाता विरतो. साध्या दिवशी तो तळापर्यंत पोहोचत नाही. वादळात पोहोचतो, आणि तळच जर एक-दोन पुरुष खोल असेल तर सहज पोहोचतो. तेव्हा तळावरचा चिखल ढवळून वर उठतो व पाण्याबरोबर निघून जातो. जड शिंपा मात्र जागेवरच, किंवा थोड्याशा सरकून, राहतात. खळ्यावर धान्य उपणताना भुसकट उडून दाणे पायाशी पडतात, अगदी तशीच ही उपणणी होय. शेकडो वर्षे चिखलात विखुरलेल्या शिंपा एका रात्रीत एका पट्ट्यात जमतात. वारा पडला की गढूळ पाण्यातील बारीक माती हळूहळू खाली बसते आणि त्या पट्ट्यावर पांघरूण घालते.

अशा पट्ट्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. त्याचा तळ एकदम व तीक्ष्ण असतो, खालचा चिखल खरवडला गेल्याचे त्यावर स्पष्ट दिसते. शिंपल्याच्या दोन्ही झडपा बहुधा सुट्या झालेल्या असतात आणि पुष्कळशा पालथ्या पडलेल्या असतात. कारण वाहत्या पाण्यात उताणी वाटी उलटते, पालथी वाटी ठरते. खाली मोठे तुकडे, वर बारीक, आणि त्यावर मऊ चिखल. उलटपक्षी जे शिंपले राहत्या जागीच मेले, त्यांच्या दोन्ही झडपा जोडलेल्या सापडतात, आणि कालवे तर एकमेकांच्या पाठीवर चिकटलेली, खडपावर असावीत तशीच मिळतात. जर्मनीत 'मुशेलकाल्क' म्हणजे शिंपांचा चुनखडक नावाचे प्रसिद्ध खडक आहेत. टोमास आयग्नर याने त्यांतील वादळी थरांचा कसून अभ्यास करून १९८५ साली ग्रंथ लिहिला. तत्पूर्वी, १९८२ साली, त्याने उत्तर समुद्रातील हेल्गोलांड बेटाजवळच्या तळावर आजची वादळे वाळूचे थर कसे टाकतात, याविषयी एका सहकाऱ्याबरोबर लिहिले होते. जुन्या थरांचा अर्थ लावण्यास अशी चालू काळातील साक्ष फार उपयोगी पडते.

आता मूळ शंकेचे उत्तर देता येते. वादळ जर बाहेरून, दांडा फोडून, समुद्रातून आत आले असेल, तर त्याबरोबर समुद्रातील प्राण्यांचे तुकडे येणारच, आणि थरात मिसळ दिसणार. परंतु पट्ट्यामागून पट्टा पाहिला आणि त्यात प्रीमिटिलसवाचून दुसरे फारसे काही नाही, तर त्याचा अर्थ एवढाच, की वादळाने आतलाच तळ ढवळला, आणि त्या विस्तीर्ण तळावर प्रीमिटिलसवाचून फारसे कोणी नव्हतेच. म्हणजे ज्या वादळाने साक्ष बिघडवली असे वाटत होते, त्यानेच उलट ती पक्की केली. एखाद्या ठिकाणी चार शिंपले मिळाले तर तो अपवाद म्हणता येईल. वादळाने मात्र कित्येक पिढ्यांच्या शिंपा गोळा करून सबंध वस्तीची खानेसुमारीच करून ठेवली. शिकागो येथील सूझन किडवेल या विदुषीने आजच्या समुद्रतळावरील जिवंत शिंपले व त्यांच्याच शेजारी पडलेल्या मृत शिंपा यांची तुलना करून दाखविले आहे, की मृत शिंपांचा साठा त्या जागेच्या दीर्घकाळच्या वस्तीचे चित्र पुष्कळ अंशी इमानाने राखतो. एका दिवसाच्या पाहणीपेक्षा अशा साठ्यावर अधिक भरवसा ठेवता येतो.

या सर्व गोष्टी एगच्या थरांना लावून पाहिल्या म्हणजे खाडीची कल्पना टिकत नाही. एकाच काळी थोड्या थोड्या अंतरावर गोडे, मचूळ, खारे असे भाग खाडीत दिसावयास हवे होते. येथे तर एकच वस्ती दूरवर पसरलेली आणि बदल होतो तो थर चढत जाताना, म्हणजे काळाच्या ओघात. कधी प्रीमिटिलसचे राज्य, कधी निओमिओडॉनचे, पुन्हा प्रीमिटिलसचे. पाणी अख्खेच्या अख्खे गोडावत व खारावत होते. ही चिल्क्याची रीत आहे, वाशिष्ठीची नव्हे.

१९७० साली हडसनने आणखी एक पुरावा पुढे मांडला. शेवाळाच्या थरांपासून झालेल्या एका चुनखडकात जिप्समच्या स्फटिकांचे ठसे त्याला सापडले होते. जिप्सम मुळात विरून गेले होते, पण त्याच्या आकाराची जागा दुसऱ्या खनिजाने भरून काढली होती. पाणी अडकून उन्हाने आटल्याशिवाय जिप्सम बसत नाही, हे मिठागरे पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको. जेथे नदी सतत वाहते आहे अशा खाडीत हे घडणे कठीण. १९७४ साली त्याने एका सहकाऱ्यासह शिंपांचे रासायनिक परीक्षणही प्रसिद्ध केले. प्राणवायूचे हलके व जड असे प्रकार असतात. वाफ होताना हलका पुढे निघतो, म्हणून पावसाच्या व नदीच्या पाण्यात तो प्रमाणाने अधिक असतो. शिंपला ज्या पाण्यात वाढतो त्याच पाण्यातून आपले कवच घडवितो, तेव्हा ते प्रमाण कवचात उतरते. मात्र कवच मूळचेच पाहिजे, पुढे बदललेले चालत नाही. प्रीमिटिलसच्या कित्येक शिंपांत मोत्यासारखा मूळचा थर अजून शाबूत आहे, हे संशोधकांचे मोठे भाग्यच.

एगच्या या थरांवर, म्हणजे नंतरच्या काळातील, वालुकामय थर येतात. नद्यांनी खारकच्छात आणून टाकलेली ती वाळू, आणि तिच्यातही निओमिओडॉनच्या शिंपांचे चुनखडक आहेत. त्यांच्याही वर कालवांचे थर आहेत. दांडा बहुधा मोकळा होऊन समुद्र अधिक आत येऊ लागला असावा. पुढे पाणी गोडे झाले, चिखल उघडा पडून भेगाळला, व्हिव्हिपॅरस आला. त्या गोड्या पाण्याच्या थरांतून स्काय बेटावर उंदराएवढ्या प्राचीन सस्तन प्राण्याचा जबडा मिळाला व त्याचे वर्णन १९७२ साली प्रसिद्ध झाले. २०१५ व २०१८ साली एडिंबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कायच्या किनाऱ्यावरील डायनोसॉरच्या पाऊलखुणा वर्णिल्या. ते अवाढव्य प्राणी खारकच्छाच्या उथळ कडेने चालत गेले होते. डायनोसॉरच्या बातमीला वर्तमानपत्रांत मोठे मथळे मिळाले. त्यांच्या पायाखालचे पाणी किती खारे होते, ते सांगणाऱ्या शिंपल्यांना मिळाले नाहीत. जगाची रीतच ती आहे.

हे सर्व थर आज शिल्लक राहिले याचे बरेचसे श्रेय ज्वालामुखीस आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी या बेटांवर बसाल्टचे लोट पसरले व त्यांनी खालच्या मऊ खडकांवर छप्पर घातले. महाराष्ट्रीयांस हा देखावा परका वाटणार नाही. सह्याद्रीचा काळा पायऱ्यापायऱ्यांचा कातळ त्याच जातीचा, थोडा अधिक जुना. खुद्द मुंबईत वरळी येथे कातळाच्या दोन लोटांमध्ये अडकलेल्या गाळात लहान लहान बेडकांचे सांगाडे सापडले. त्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन याने १८४७ साली, म्हणजे मिलरच्या एगवरील सफरीनंतर तीनच वर्षांनी, प्रसिद्ध केले. त्या मुंबईच्या गाळाचाही किनाऱ्यालगतच्या उथळ खारकच्छाशी संबंध अलीकडील संशोधकांनी जोडला आहे.

नावाचे काय झाले? १९८० साली हडसन आणि त्याचा सहकारी हॅरिस यांनी या थरांची नवी, शिस्तशीर मांडणी केली. 'सीरीज'च्या जागी 'ग्रुप' आले. 'ग्रेट एस्च्युअरीन' मात्र तसेच ठेवले. शंभर वर्षे नकाशांवर व ग्रंथांत रुळलेले नाव बदलल्याने घोटाळाच अधिक झाला असता. त्यामुळे खाडी नसलेल्या खाडीचे नाव आजही चालू आहे.

एग बेटाची मालकी मात्र बदलली. ज्या बेटावर १८४३ नंतर एका धर्मोपदेशकाला घरापुरती जागा मिळेना, ते सबंध बेट १२ जून १९९७ रोजी तेथील रहिवाशांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेने विकत घेतले. त्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातील वादळे अजूनही कडे फोडतात, आणि फुटलेल्या दगडांतून प्रीमिटिलसच्या शिंपा वाळूत गळून पडतात.